नाण्याखालचा रुमाल

मी एक जुना रुमाल आहे. खिशात कोंबायचा किंवा नाक पुसायचा नव्हे हं, नाण्यांखाली अंथरायचा. पिवळ्या फ्लॅनेलचा, हातभर लांब आणि हातभर रुंद. मित्रांनो, आपली कहाणी सांगायला बसलं की जो तो आधी स्वतःचं कौतुक सांगतो. मलाही ते फार आवडलं असतं. पण माझ्या एका कोपऱ्यावर बोटभर रुंदीचा एक करडा पट्टा उमटला आहे आणि तो असताना कौतुक सांगायला मला तोंड नाही. तेव्हा जे घडलं ते सरळ सांगतो. मध्येच आवाज अडखळला तर सांभाळून घ्या.

कापडाच्या एका ताग्याचं मी शेवटचं टोक. लहान बाळांची झबली शिवून झाली आणि मी तेवढा उरलो. दुकानदार मला पायपुसण्यात घालणार होता. इतक्यात पारखीकाका आले, त्यांनी मला दोन बोटांत धरून चोळून पाहिलं, गालाला लावून पाहिलं आणि म्हणाले, "हाच द्या. याच्यात एकही टोचरा धागा नाही." घरी नेऊन त्यांनी माझ्या चारही कडा स्वतः दुमडून शिवल्या. टाके इतके वाकडे आले की त्यांची लेक हसून हसून खाली बसली. "बाबा, नाण्यावरचा केसाएवढा ओरखडा तुम्हाला दिसतो आणि हे टाके दिसत नाहीत?"

पारखीकाका जुनी नाणी पारखून द्यायचे. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर त्यांची एक खोली होती. जिना एवढा अरुंद की जाड माणसाला आडवं होऊन चढावं लागे. खोलीत एक टेबल, वाकणारा दिवा, भिंग, वजनाचा इवलासा काटा आणि टेबलाच्या मधोमध मी. लेकीचं नाव घरात चिमणी पडलं होतं. वय बत्तीस, आवाज असा की खालचा घड्याळवाला दचकावा, पण लहानपणचं नाव काही सुटलं नाही. ती पत्रं लिहायची, फोन घ्यायची आणि वडिलांच्या हाताखाली पारख शिकायची.

माझ्या बाबतीत काकांचा एकच कडक नियम होता. रुमाल अंथरायचा, फिरवायचा नाही. नाणं कडेला दोन बोटांत धरून माझ्यावर बघायचं, म्हणजे चुकून सुटलं तरी मऊ कापडावर पडेल. पण माझ्याने नाणं पुसायचं मात्र कधीच नाही. खरं सांगू? मला याचा राग यायचा. खालच्या दुकानातली फडकी दिवसभर काचा पुसायची, पितळ पुसायची, झटकली जायची, वाळत पडायची. त्यांना काम होतं. मी आपला देवासमोरच्या आसनासारखा पसरलेला. नुसतं पडून राहणं हे काय काम आहे?

नियम का, ते मी एकदा नीट ऐकलं. एक गृहस्थ लखलखीत नाणं घेऊन आले आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "प्रूफ आहे. आरसा बघा, आरसा!"

काकांनी नाणं दिव्याखाली तिरकं केलं. "कशाने घासलंत?"

"छे हो, घासलं कुठे? जरासं टूथपेस्ट लावलं."

"नाण्याला दात असते तर फार शोभून दिसले असते," काका म्हणाले. चिमणीने तोंड फिरवून हसू दाबलं.

मग काकांनी त्यांना समजावलं. रोजच्या व्यवहारातली नाणी टांकसाळीत ढिगाने पडतात, पोत्यात एकमेकांवर आदळतात, हजार हातांतून जातात. प्रूफ नाणं मुळात खर्च करायला नसतंच, ते जपून ठेवायला असतं. ते पाडायचा पोलादी ठसा आधी आरशासारखा घासतात, चकती निवडून घेतात, एकावर दोनदा दाब देतात आणि हातमोजे घालून थेट डबीत ठेवतात. म्हणून त्याचा सपाट भाग आरसा होतो आणि वर उठलेलं चित्र मात्र दुधाळ, काचेवर श्वास सोडावा तसं दिसतं. कडही सरळ, चौकोनी, नखाला अडकणारी.

"घासलेलं नाणं सगळीकडे सारखंच चमकतं," काका म्हणाले. "प्रूफ नाणं जिथे चमकायचं तिथेच चमकतं. आणि खऱ्या प्रूफ नाण्यावरून एकदा जरी कापड फिरवलं तरी आरशावर बारीक रेघा उठतात. त्या मग कोणाच्या बापाला घालवता येत नाहीत." गृहस्थ नाणं खिशात टाकून तणतणत जिना उतरले. मला त्या दिवशी माझ्या पडून राहण्याचा थोडा अभिमान वाटला.

वर्षं गेली. काकांचं नाव झालं. 'पारखीकाकांनी सांगितलं' म्हटलं की लोक पुढे वाद घालत नसत. आणि मग काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला. हे सगळ्यांत आधी कळलं मला, कारण चष्म्याच्या काचेवर धूर बसल्यासारखा वाटला की ते मला उचलून चष्मा पुसायचे. नाणं पुसायचं नाही हा नियम होता, चष्म्याचं कोणी काही बोललंच नव्हतं! दिवसातून एकदा, मग चारदा, मग दर नाण्याला. चष्म्यावरची धूळ माझ्या अंगात साठत गेली. चिमणीने विचारलंच, "बाबा, डोळे दाखवून येऊ या का?" तर म्हणाले, "डोळ्यांना काय धाड भरलीये? दिवा बदल, दिवा जुना झालाय." पारख्याचे डोळे गेले हे गावभर झालं तर उरलं काय, ही भीती त्यांना आतून खात होती. चिमणीने बिचारीने दिवा बदलला.

त्या दिवशी ती पोस्टात गेली होती. जिना चढून एक नर्स आली. पांढऱ्या गणवेशावर स्वेटर, डोळ्यांखाली जागरणं. तिने औषधाच्या खोक्यातून, कापसातून एक गोल डबी काढून टेबलावर ठेवली. आत चांदीचं नाणं. पाण्यात एका पायावर उभा राहिलेला बगळा.

"माझे बाबा टांकसाळीत होते," ती म्हणाली. "तीस वर्षं ठसे घासायचं काम केलं. या नाण्याचा ठसाही त्यांनीच घासला आणि निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी यातलं एक त्यांच्या हातात ठेवलं, असं ते सांगतात."

"सांगतात म्हणजे?"

"माझा थोरला भाऊ मानत नाही. म्हणतो, थापा आहेत. बाजारातून साधं नाणं आणलं आणि घरी बसून चकचकीत केलं. घासण्यात तर त्यांचा हातखंडाच!" तिने डबी काकांकडे सरकवली. "परवा त्याने पोरांसमोर बाबांना थापाड्या म्हटलं. बाबा जेवणावरून उठून गेले. काका, मी आजवर बाबांचीच बाजू घेतली आहे. पण मला आता काय खरं ते कळू दे. तुमच्या शब्दापुढे भाऊही बोलायचा नाही."

कामावर जायची घाई होती, म्हणून नाणं ठेवून ती गेली. संध्याकाळी पाचला येते म्हणाली.

काकांनी डबी उघडली. नाणं बाहेर काढून माझ्यावर धरलं. आणि मित्रांनो, मी ते बघितलं! आरसा असा की वाकड्या टाक्यांसकट माझा पिवळा रंग त्यात दिसला. बगळ्याचं अंग दुधासारखं. मी इतकी नाणी पाहिली होती, मला शंकाच नव्हती. पण काकांना सगळ्यावर धुकं दिसत होतं. त्यांनी मला उचललं, चष्मा पुसला. पुन्हा बघितलं, धुकं तसंच. पुन्हा चष्मा पुसला आणि त्याच हाताने, त्याच झपाट्यात, माझा कोपरा नाण्यावरून फिरवला. एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. अगदी सहज, ध्यानीमनी नसताना.

आता जे सांगतो ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मला बरं वाटलं. जन्मभर पसरून पडलेला मी, पहिल्यांदाच एका नाण्यावरून सरकत होतो, पुसत होतो, खालच्या फडक्यांसारखा कामाला आलो होतो. माझ्या अंगातली धूळ त्या आरशावर ओढली जात होती, बारीक बारीक ओरखडे उठत होते आणि मी आपला खूश! ते दोन क्षण आठवले की आजही मला माझी घडी घालून कुठेतरी लपावंसं वाटतं.

दुपारी काकांनी नाणं भिंगाखाली घेतलं. धुक्यातूनही त्यांना रेघा दिसल्या, कारण रेघा हेरायची नजर पन्नास वर्षांची होती. सगळ्या आडव्या, कापडाच्या. आपणच पुसलंय हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. जो माणूस नाणं कधीच पुसत नाही, त्याला आपल्यावर संशय कसा येणार? ते स्वतःशीच म्हणाले, "च्च. घासलेलं." आणि एकदा मनाने घेतल्यावर त्यांनी ना कड नखाने तपासली, ना बगळ्याचे पाय बघितले.

पाचला नर्स आली. चेहऱ्यावर एवढी आशा होती की मला वर बघवेना.

"बाई, साधं नाणं आहे," काका म्हणाले. "घासून चकचकीत केलंय. वाईट वाटून घेऊ नका. घासणाऱ्याचा हात मात्र सफाईदार आहे हं. सराईताचाच."

हे शेवटचं काय गरज होती बोलायची? त्यांना वाटलं, चार शब्द कौतुकाचे बोलावे. तिचा चेहरा पांढराफटक पडला. सराईत हात तिच्या घरात एकच होता. तिने डबी कापसात गुंडाळली, काकांची फी टेबलावर ठेवली आणि जिना उतरली. आणि मी तिथे मधोमध, तो ताजा करडा पट्टा अंगावर घेऊन पडलेलो. चांदी पुसली की कापडाला डाग लागतोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमणीने टेबल झटकलं आणि मला उजेडात धरलं. "बाबा, हे काय? कोणतं नाणं पुसलंत?"

"मी? मी नाणं पुसेन? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"मग हा चांदीचा डाग कुठून आला? आभाळातून पडला?"

काकांनी मला तिच्या हातातून ओढून घेतलं. डोळ्यांजवळ नेलं. मी त्यांच्या बोटांत होतो, म्हणून मला कळलं की बोटं थंडगार पडत चालली आहेत. त्यांना आठवलं. चष्मा, कोपरा, दोन हात, सगळं. "काळं पडलेलं एखादं नाणं टेकलं असेल," ते म्हणाले. "नवीन कापड काढ. हा राहू दे." आणि मला खणात टाकून त्यांनी खण बंद केला.

तेवढ्यात फोन वाजला, चिमणी तिकडे गेली आणि विषय तिथेच राहिला. मित्रांनो, मला जीभ असती तर मी ओरडलो असतो. पण काकांना तर जीभ होती! तेही मूग गिळून बसले. खण रोज उघडायचा. रोज ते माझ्याकडे बघायचे, खण बंद व्हायचा. एकदा त्यांनी फोन उचलून नर्सच्या इस्पितळाचा नंबर फिरवला, आणि पलीकडून "हॅलो" ऐकू येताच ठेवून दिला. नाव जाईल, डोळ्यांचं कळेल, नाणं भरून कसं द्यायचं, हेच सगळं मनात. माणूस वाईट नव्हता हो. भित्रा झाला होता. आणि त्यांच्या भीतीवर पांघरूण घालायला मी आयताच सापडलो होतो.

आठव्या दिवशी नर्स पुन्हा आली. चिमणी समोरच बसली होती.

"काका, नाणं साधं आहे असं लिहून द्या," ती डबी टेबलावर ठेवत म्हणाली. "भाऊ म्हणतो, कागद दाखव म्हणजे घरात एकदाचा निकाल लागेल. बाबांना मी सांगितलं त्या दिवशीच. ते एवढंच म्हणाले, 'असं का?' नंतर नाण्याचं नाव काढलं नाही. मीही नाही काढलं. मी गोळ्या देते, ते घेतात. बस."

काकांनी कागद पुढे ओढला. पेन उघडलं. तारीख लिहिली. मग पेन तसंच थांबलं. चिमणी म्हणाली, "बाबा?" तेव्हा त्यांनी खण उघडला, मला बाहेर काढलं आणि नर्ससमोर पट्टा वर करून अंथरलं.

"हा डाग तुमच्या नाण्याचा आहे. मी पुसलं ते. मला दिसत नाही, बाई. वर्षभर नीट दिसत नाही."

चिमणीने डबी उघडली, नाणं कडेने धरून भिंगाखाली घेतलं. तिचा तो मोठा आवाज एकदम बारीक झाला. "बाबा, कड चौकोनी आहे. बगळ्याच्या पायांशी अजून दूध आहे. हे प्रूफ आहे, बाबा. होतं."

नर्स रागावली नाही. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि म्हणाली, "मी त्यांना म्हटलं, बाबा, निदान माझ्याशी तरी खरं बोलायचं होतं."

तिघंही तसेच तिच्या घरी गेले. मला काकांनी कोटाच्या खिशात घेतलं होतं. तिचे बाबा, म्हणजे घरातले आजोबा, खिडकीशी खुर्चीत बसले होते. बोटांची टोकं झिजून गुळगुळीत झालेली. थोरला मुलगा दाराशी उभा. काकांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, डोळ्यांचं, पुसण्याचं, खणाचं. काही लपवलं नाही. मग तोच कागद पुढे केला. त्यावर त्यांनी लिहिलं होतं, हे नाणं प्रूफ होतं, ते माझ्या हातून बिघडलं. खाली सही.

मुलाने कागद वाचला. दोनदा वाचला. मान खाली घालून "बाबा..." एवढंच म्हणाला.

आजोबांनी कागदाकडे बघितलंही नाही. नाणं हातात घेतलं, डोळे मिटले आणि कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. "माझाच ठसा," ते म्हणाले. "बसा हो पारखी, उभे का? नाणं बिघडलं, बिघडू द्या. माझ्या हातूनही ठसे बिघडलेत. पण टांकसाळीत आमची एक रीत होती. ठसा बिघडला की त्याच मिनिटाला हात वर करायचा आणि यंत्र थांबवायचं. शिव्या बसायच्या, पगार कापायचे. तरी थांबवायचं. नाही थांबवलं तर पुढचं प्रत्येक नाणं बिघडलेलंच पडत जातं." त्यांनी काकांकडे बघितलं. "तुम्हाला कधी कळलं?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी."

आजोबांनी बोटांवर मोजलं. "म्हणजे आठातला पहिला दिवस तुमच्या डोळ्यांचा. तो मी सोडला. उरलेले सात कोणाचे? सात दिवस माझी लेक मला गोळ्या देताना भिंतीकडे बघत होती."

काका खाली मान घालून खिशात मला चुरगळत राहिले. नर्स आजोबांच्या पायांशी बसली. "बाबा, माझं चुकलं." आजोबा म्हणाले, "तू पारख्याचं ऐकलंस, तुझं काय चुकलं?" म्हणाले खरे, पण तिच्याकडे न बघता, खिडकीबाहेर बघत. तिच्या डोक्यावर हात ठेवायला त्यांना बराच वेळ लागला.

काकांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. आता पारख चिमणी करते, काका शेजारी बसतात आणि कोणी नाणं पुसायला निघालं की तिच्याही आधी ओरडतात. मला खालच्या घड्याळवाल्याकडे दिलं आहे, काचा पुसायला. दिवसभर काम असतं. चिमणीने मला तीनदा धुतलं, पट्टा काही गेला नाही. गेला नाही तेच बरं.

मित्रांनो, चांगलं नाणं हातात आलं तर कडेला धरा, पुसू नका. कुठे धुकं दिसलं तर आधी आपला चष्मा आणि आपला डोळा तपासा. पण मला तुमच्याकडे मागायचं आहे ते याहून मोठं आहे. कोणाचं काही तुमच्या हातून बिघडलं आणि तुम्हाला ते कळलं, तर हात वर करा, त्याच दिवशी. मी सात दिवस खणात होतो, आणि त्या सातही दिवसांत एक म्हातारा माणूस न केलेल्या लबाडीची शिक्षा भोगत होता.